उबदार रिसीव्हर, टोचणारे स्पीकर : एका सल्ल्याची तपासणी

गेल्या वेळी आपण सिनॉप्सिसमध्ये गृहीतक कसं लिहायचं ते पाहिलं. या वेळी दुसऱ्यानं मांडलेलं गृहीतक हातात घेऊन ते कसं तपासायचं ते पाहू. उदाहरण मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचं घेतलंय, कारण आपल्या विषयातलं उदाहरण घेतलं की आपण नकळत गाईडच्या बाजूनं बोलायला लागतो.

तर विषय असा. घरी गाणी ऐकायला किंवा सिनेमा पाहायला चांगले स्पीकर घेतले आणि ते कानाला टोचायला लागले, की एक सल्ला हमखास मिळतो : ‘स्पीकर ब्राइट आहेत, त्यांना वॉर्म रिसीव्हर लावा.’ नाशिकच्या एम. जी. रोडला विचारा, पुण्यात विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, शब्द थोडे बदलतील, सल्ला तोच. त्याची पाठ झालेली उदाहरणंही आहेत. क्लिप्शचे हॉर्नवाले स्पीकर असतील तर मरांट्झ घ्या, यामाहा घेऊ नका, कारण मरांट्झ गोड आणि यामाहा धारदार. रिसीव्हर म्हणजे रेडिओ, सिनेमाचा आवाज उलगडणारा डिकोडर आणि पाच-सात चॅनलचा ॲम्प्लिफायर, हे सगळं एका खोक्यात. किंमत साध्या मोबाइलपासून सेकंडहँड बाइकपर्यंत कुठेही जाते. म्हणजे हा सल्ला ऐकणाऱ्याच्या खिशातून चांगलीच रक्कम बाहेर काढतो.

मला यात रस आहे तो सल्ल्याच्या आकारामुळे. आमटी आंबट झाली तर गूळ घाला, असा हा आकार आहे : एका वस्तूत एक दोष, दुसऱ्या वस्तूत उलटा दोष, दोन्ही एकत्र आणले की बेरीज शून्य. ऐकायला इतकं सोपं आणि समजूतदार वाटतं की कुणी तपासत नाही. तुमच्या विषयातही असे सल्ले असतील. म्हणून सावकाश बघू.

सल्ला एक नाही, चार आहेत

कुठलाही दावा तपासायचा तर आधी तो सुटा करायचा. या एका वाक्यात चार विधानं दडलेली आहेत.

पहिलं, टोचणारा आवाज स्पीकरमुळेच येतोय. दुसरं, दोन रिसीव्हरच्या आवाजात कानाला कळेल एवढा फरक असतो. तिसरं, तो फरक त्या रिसीव्हरचा, किंबहुना त्या ब्रँडचा, कायमचा गुण असतो; कुठलाही स्पीकर लावा, गोड तो गोडच. चौथं, हा गोडवा नेमका त्याच जागी कमी करतो जिथे स्पीकर जास्त देतोय.

चारही खरी असतील तरच सल्ला खरा. एकही पडलं तरी तो पडतो, किंवा खरा ठरला तर योगायोगानं ठरतो. पेपर वाचताना ही सवय लावून घ्या. लेखकानं एका वाक्यात किती दावे कोंबलेत ते मोजा आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा मागा.

शब्दांपासून सुरुवात

‘वॉर्म’ म्हणजे काय? विचारून बघा. कुणी म्हणेल गोड, कुणी भरीव, कुणी मऊ, कुणी ‘ऐकून दमायला होत नाही’. ‘ब्राइट’ म्हणजे शार्प, चरचरीत, किणकिणीत, ‘स-श-ष फार येतात’. हे शब्द वाईट नाहीत. कान खरंच काहीतरी ऐकतोय. अडचण एवढीच की या शब्दाला कुठलीही कृती बांधलेली नाही. काय केलं की वॉर्म वाढतं आणि काय केलं की कमी होतं, हे शब्द सांगत नाही.

याउलट आपल्याच मुलखातलं उदाहरण घ्या. मिरजेला तंबोरे आणि सतारी बनतात. तिथल्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तंबोऱ्याच्या आवाजाबद्दल बोलताना ‘जवारी’ हा शब्द येतो. खुली जवारी म्हणजे वरचे स्वरांश भरपूर, आवाज झगझगीत. बंद जवारी म्हणजे वरचे स्वरांश दबलेले, आवाज गोलसर आणि मऊ. म्हणजे अर्थ जवळपास ब्राइट आणि वॉर्मचाच. पण कारागीर नुसतं विशेषण बोलत नाही. तो घोडीचा पृष्ठभाग घासतो, तिचा बाक बदलतो, तारेखालचा दोरा किंचित पुढेमागे करतो, आणि जवारी उघडते किंवा मिटते. शब्द आणि कृती एकमेकांना बांधलेले आहेत. दुसरा कारागीर तीच कृती करून तोच परिणाम मिळवू शकतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकी हीच घोडी पकडली होती. तार एखाद्या बिंदूवर छेडली तर त्या बिंदूवर ज्या स्वरांशाची गाठ पडते तो स्वरांश ऐकू येता कामा नये, असा जुना नियम. तंबोरा आणि वीणा तो नियम पाळत नाहीत, कारण रुंद, बाकदार घोडीवर तार सारखी टेकत-सुटत राहते. गवयाच्या कानाला जे ‘झगझगीत’ वाटतं, त्यामागची यंत्रणा त्यांनी दाखवली.

संशोधनाच्या भाषेत याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. सिनॉप्सिसमध्ये ‘परिणामकारक’, ‘सक्षम’, ‘उत्तम’ असं लिहून आपण सुटतो, आणि प्रेझेंटेशनला कमिटीतले सर विचारतात, ‘म्हणजे नेमकं काय मोजणार?’ तेव्हा आपण गप्प. ‘जवारी’ असं कमिटीत टिकणारं विशेषण आहे. ‘वॉर्म’ अजून तिथवर पोचलेलं नाही.

आकडे काय म्हणतात

आता दुसरं विधान. रिसीव्हर आवाजाचा पोत बदलू शकतो का? बदलायचाच तर मुख्य वाट फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सची. म्हणजे खर्जापासून वरच्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्या सारख्या वाढवतो की कुठे कमीजास्त करतो. सध्याचे साधे ट्रान्झिस्टरवाले ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता मोजले तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ही रेष जवळपास सपाट असते. मग फरक येईल तो स्पीकर जोडल्यावर.

कारण असं. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असलं तरी त्याचा रोध प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळा असतो. समजा एका स्पीकरचा रोध कुठे ४ ओहम, तर कुठे ३० ओहम आहे. ॲम्प्लिफायरलाही स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो. दोघांत व्होल्टेज वाटलं जातं, बारावीचं व्होल्टेज डिव्हायडर आठवा.

ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरू. ४ ओहमच्या जागी स्पीकरला ४.१ पैकी ४ भाग मिळतात, म्हणजे सुमारे ०.२१ डेसिबल कमी. ३० ओहमच्या जागी सुमारे ०.०३ डेसिबल कमी. दोन्हींतला फरक ०.२ डेसिबलहूनही कमी. गाणं ऐकताना एवढा फरक पोत बदलल्यासारखा वाटेल, ही शक्यता फारच थोडी.

आता व्हॉल्व्हचा जुन्या धाटणीचा ॲम्प्लिफायर घ्या आणि त्याचा अंतर्गत रोध २ ओहम धरा. ४ ओहमच्या जागी ६ पैकी ४ भाग, म्हणजे साडेतीन डेसिबल कमी. ३० ओहमच्या जागी ३२ पैकी ३०, म्हणजे साधारण अर्धा डेसिबल कमी. फरक ३ डेसिबलच्या आसपास. हा मात्र कुणालाही ऐकू येईल.

म्हणजे दुसरं विधान सरसकट खोटं नाही. काही ॲम्प्लिफायर पोत बदलतात. पण थांबा, इथेच तिसरं विधान अडचणीत येतं. तो ३ डेसिबलचा फरक कुठल्या पट्टीत पडेल हे कोण ठरवतं? स्पीकरचा रोध. ज्या स्पीकरचा रोध वरच्या पट्टीत वाढत जातो, त्याला हाच ‘वॉर्म’ ॲम्प्लिफायर लावला तर वरची पट्टी मधल्या पट्टीच्या तुलनेत उचलली जाईल. म्हणजे तो ब्राइट वाटेल! उबदारपणा जोडीचा गुण आहे, खोक्याचा नाही. ‘अमुक ब्रँड गोड’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ‘अमुक स्पीकरबरोबर’ हे शेपूट लावल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आणि दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या रिसीव्हरमध्ये हा परिणाम मुळातच नगण्य.

आधीचं काम

कुणी हे तपासलंय का? तपासलंय, आणि छान भांडणंही झाली आहेत. तीन कामं सांगते.

पहिलं १९८५चं. बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरनं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं : तुम्हाला आवडणारा कुठलाही महागडा ॲम्प्लिफायर आणा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर मी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. दोन्ही ॲम्प्लिफायरना एकच गाणं द्यायचं आणि दोघांचे आउटपुट एकमेकांतून वजा करायचे. उरतं ते दोघांतला फरक. तो उरलेला आवाज कमी कमी होईल तसं आपलं सर्किट बदलत जायचं. हॉटेलच्या खोलीत बसून त्यानं हा फरक ७० डेसिबल खाली नेला, म्हणजे व्होल्टेजमध्ये मूळ सिग्नलच्या सुमारे तीन हजारावा भाग. त्यानंतर संपादकांना ऐकून दोन्ही वेगळे काढता आले नाहीत. यातून दोन गोष्टी निघतात. ॲम्प्लिफायरचा ‘स्वभाव’ खरा असू शकतो. आणि तो मोजता येतो, नक्कल करता येतो. त्यात गूढ काही नाही.

दुसरं १९८७चं. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकानं २५ श्रोते बसवले आणि दोनेकशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह जोडीपर्यंतचे ॲम्प्लिफायर, आवाजाची पातळी जुळवून, न दाखवता ऐकवले. एकूण उत्तरं निम्म्याच्या आसपास बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून आली असती तेवढीच. या निकालावर अनेक जण ‘सगळे ॲम्प्लिफायर सारखेच’ असा झेंडा रोवतात. तो बरोबर नाही. फरक सापडला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. त्या श्रोत्यांना, त्या गाण्यांवर, त्या स्पीकरवर तो सापडला नाही, एवढाच होतो. पण ज्यांच्या मते फरक ‘रात्र आणि दिवसाएवढा’ असतो, त्यांना मात्र या निकालाचं उत्तर द्यावं लागेल.

तिसरं १९९४चं, फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांचं. ४० श्रोते आणि चार स्पीकर. एकदा पडद्याआड ऐकवले, एकदा दाखवून. दाखवल्यावर गुण बदलले. मोठे, महागडे स्पीकर वर गेले आणि लहान, स्वस्त संच खाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्पीकरची खोलीतली जागा बदलल्यानं आवाजात पडणारा खरा फरक श्रोत्यांना पडद्याआड कळत होता, तो स्पीकर दिसायला लागल्यावर त्यांच्या गुणांतून जवळपास दिसेनासा झाला. डोळ्यांनी खोटा फरक तर घातलाच, वर खरा फरकही झाकला. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मग लोकांना ऐकू काय येतं?

इथे सावध राहायचं. ‘सगळा मनाचा खेळ’ असं म्हणून समोरच्याला वेड्यात काढणं हेही आळशी संशोधन आहे. रिसीव्हर बदलल्यावर हजारो लोकांना फरक जाणवत असेल तर त्यामागे कारणं असणारच. मला तीन दिसतात.

एक, आवाजाची पातळी. कानाची जाण सपाट नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवलं की आवाज लहान असताना आपल्याला खर्ज तुलनेनं कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज भरून येतो. म्हणजे दुसरा रिसीव्हर नुसता एक-दोन डेसिबल मोठा वाजत असेल तरी तो ‘भरीव’ वाटू शकतो. दोन रिसीव्हरच्या व्हॉल्यूमवरचे आकडे सारखे असले म्हणून आवाज सारखा असतो असं नाही.

दोन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : रिसीव्हरमधली खोली जुळवण्याची यंत्रणा. डेनॉन आणि मरांट्झच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये ऑडिसी येते, यामाहात वायपाओ. मायक्रोफोन ठेवून ही यंत्रणा खोली मोजते आणि आवाज एका ठरलेल्या रेषेकडे ओढते. ऑडिसीच्या ‘रेफरन्स’ नावाच्या रेषेत वरची पट्टी मुद्दाम उतरती ठेवलेली आहे. ‘फ्लॅट’ नावाची रेष तशी उतरत नाही. आता बघा, एकानं ‘रेफरन्स’वर ऐकलं, दुसऱ्यानं दुसऱ्या कंपनीच्या सपाट रेषेवर. पहिला म्हणाला गोड, दुसरा म्हणाला शार्प. दोघंही खरं बोलतायत! पण त्यांनी तुलना केली ती दोन मेनूंची, दोन ॲम्प्लिफायरची नाही. आणि मेनू रिमोटवर बदलता येतो, फुकट. संशोधनात याला गोंधळकारी चल म्हणतात. ज्याचा परिणाम मोजतोय असं आपल्याला वाटतं, त्याच्या पाठीला चिकटून दुसरंच काहीतरी बदललेलं असतं.

तीन, अपेक्षा. खोक्यावरचं नाव, दुकानदाराचं वाक्य, खर्च केलेली रक्कम. टूल-ऑलिव्ह यांचं काम वर आलंच आहे.

पहिलं विधान विसरलोच होतो : दोष स्पीकरचाच कशावरून?

माझे एक मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांना जुनी नाट्यगीतं आणि द. वि. पलुस्करांचं गाणं प्राणाहून प्रिय. पलुस्करांचा जन्म नाशिकचाच, १९२१चा, त्यामुळे अभिमानही वेगळा. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं नवे स्पीकर घेतले आणि महिन्याभरात म्हणायला लागले, ‘अगं, बापूरावांचा आवाज असा टोचत नाही. हे स्पीकर पदरचं काहीतरी घालतायत.’ दुकानातून सल्ला मिळाला तो तुम्हाला माहीतच आहे : साठ-सत्तर हजारांचा दुसरा रिसीव्हर. मामींचं म्हणणं, एवढ्या पैशात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं.

त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत अगदी वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा सुईच्या घासण्याचा खरखराटच जास्त असतो. ती पट्टी जरा उचलली गेली की खरखर पुढे येते. पण ती उचलतंय कोण?

मामांचा हॉल १० बाय १५ फुटांचा, उंची १० फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, एका बाजूला सरकती काच, भिंतीला गुळगुळीत रंग. नाशिकमधले निम्मे नवे फ्लॅट असेच दिसतील. आता सबाइनचं सूत्र लावू. वॉलेस सबाइननं १८९५च्या सुमारास हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानकक्षात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून आणून ठेवल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. त्यातून सूत्र निघालं : विरण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण.

मामांच्या हॉलचं घनफळ साधारण ४० घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून ७२ चौरस मीटर. या कडक पृष्ठभागांचं सरासरी शोषण ०.०५ धरलं तर एकूण शोषण ३.६ येतं आणि विरण्याचा काळ १.८ सेकंद. जाड पडदा, सतरंजी, कापडी सोफा मिळून शोषणात ५ची भर घातली तर तोच काळ पाऊण सेकंदावर येतो. लहान खोलीत हे सूत्र ढोबळच, पण परिणामाचा आकार बघा. रिसीव्हरचा ०.२ डेसिबल एकीकडे, आणि विरण्याचा काळ निम्म्याहून खाली आणणारे सतरंजी, पडदा आणि सोफा दुसरीकडे. शिवाय कापड वरच्या पट्ट्या जास्त शोषतं, खर्ज कमी. म्हणजे नेमकं टोचणाऱ्या भागावर काम करतं.

आम्ही एका वेळी एकच बदल केला. आधी स्पीकरचं तोंड थेट मामांच्या कानाकडे होतं, ते सरळ समोर केलं. ट्वीटरचा आवाज समोर सगळ्यात तीक्ष्ण असतो, बाजूला सरकलं की उतरतो. मग सतरंजी. मग पडदा. मग रिसीव्हरचं ट्रेबल दोन डेसिबल खाली. शेवटच्या बदलासाठी मामांना पाठ करून बसवलं, मी नाणं उडवत होते आणि रिमोट ओढणीखाली. ट्रेबलचा बदल त्यांनी बहुतेक वेळा बरोबर ओळखला. मामांचा कान चांगला आहे, त्यात शंका नाही. सतरंजी आणि पडद्याची चाचणी अशी झाकून करता आली नाही. ती दिसतातच, त्यामुळे त्याबद्दल मी फक्त ‘मामांना बरं वाटलं’ एवढंच म्हणेन. या दोन वाक्यांच्या दर्जात फरक आहे, तो लक्षात घ्या. निष्कर्षाला जेवढा पुरावा, तेवढंच त्याचं क्रियापद ठाम.

सल्ला कधी बरोबर ठरतो

टीका म्हणजे फक्त मोडणं नाही. कुठल्या परिस्थितीत हा सल्ला उपयोगी पडेल तेही सांगायला हवं.

जुना रिसीव्हर कमी ताकदीचा असेल आणि तुम्ही मोठ्यानं ऐकत असाल, तर उसळीच्या क्षणी त्याचा आवाज छाटला जातो. छाटलेल्या आवाजात नवे, वरचे स्वरांश तयार होतात आणि ते टोचतात. दर १० डेसिबलला दसपट ताकद लागते. ऐकण्याच्या जागी १ वॅटला ८० डेसिबल मिळत असतील, तर ९०ला १० वॅट आणि १००च्या उसळीला १०० वॅट. खोक्यावर लिहिलेले वॅट बऱ्याचदा एकच चॅनल, एकच फ्रीक्वेन्सी आणि भरपूर विकृती गृहीत धरून लिहिलेले असतात. इथे रिसीव्हर बदलणं योग्यच आहे. मात्र कारण ‘वॉर्म’ हे नाही, ताकद हे आहे. कारण चुकीचं असेल तर पुढची खरेदी चुकते : गोड म्हणून प्रसिद्ध असलेला कमी ताकदीचा रिसीव्हर घरी येतो आणि टोचणं तसंच राहतं.

दुसरी परिस्थिती जास्त अंतर्गत रोधाच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची. पण तिथे तुमच्या स्पीकरच्या रोधाची रेष बघूनच निर्णय घ्यावा लागेल. तिसरी, जुन्या रिसीव्हरमध्ये ट्रेबल किंवा खोली जुळवायची सोयच नसेल तर. मग नवा घ्या, पण सोयीसाठी घ्या.

तपासायचंच असेल तर

समजा मित्राकडून दुसरा रिसीव्हर आठवडाभरासाठी मिळाला. तर असं करा.

खोली जुळवणारी यंत्रणा, टोन, ‘नाइट मोड’, सगळं दोन्हींवर बंद. स्पीकर, जागा, गाणं तेच. आवाजाची पातळी कानानं न जुळवता मल्टीमीटरनं जुळवा : १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवरचं एसी व्होल्टेज मोजा. साध्या मल्टीमीटरचं एसी माप खालच्या फ्रीक्वेन्सीलाच भरवशाचं असतं, म्हणून १०० हर्ट्झ. एक टक्क्याचा फरक म्हणजे साधारण ०.१ डेसिबल, तेवढ्यात आणा. तारा बदलण्याआधी दोन्ही रिसीव्हर बंद करायला विसरू नका. तारा बदलणारा आणि ऐकणारा वेगळा हवा, आणि बदलणाऱ्यानं नाणं उडवूनच ठरवायचं.

फेऱ्या किती? १६ करा आणि किती बरोबर आल्या तर मान्य करायचं ते आधी कागदावर लिहा. नुसत्या अंदाजानं १६पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के. १० फेऱ्यांत ८ किंवा जास्त येण्याची ५.५ टक्के. म्हणजे ‘दहात आठ बरोबर आली!’ यावर उड्या मारण्याआधी विचार करा. आणि पाच मित्रांनी प्रयोग करून एकाचेच बारा आले, तर त्या एकट्याचा निकाल सांगू नका.

१२ गाठले नाहीत तर? तर तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर, तुमच्या कानाला तो फरक कामाचा नाही. सत्तर हजार वाचले. जगातल्या सगळ्या रिसीव्हरबद्दल काही सिद्ध झालं नाही, आणि तशी गरजही नाही. गाठले तर आणखी छान : आता पोत कशामुळे बदलला ते शोधायला तुमच्याकडे खरा प्रश्न आहे.

शेवटी खरेदीबद्दल विचारणाऱ्यांसाठी क्रम लिहून ठेवते. स्पीकरची दिशा, खोलीतलं कापड, रिसीव्हरमधली रेष आणि ट्रेबल, ताकद. यातलं एकही पुरं पडलं नाही तर स्पीकर बदला, कारण आवाजातला मोठा फरक तिथेच आहे. ब्रँडच्या स्वभावावर पैसे खर्च करायची पाळी या यादीत येत नाही.

तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमधलं उद्दिष्टांचं पान काढा. त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलनं रेघ ओढा आणि शेजारी लिहा : काय केलं की हे वाढेल, काय केलं की कमी होईल, कशानं मोजेन. ज्याच्यासमोर तिन्ही जागा रिकाम्या राहतील ते विशेषण खोडा किंवा त्याची जवारी काढा. पेटच्या मुलाखतीआधी एकदा करून बघा आणि काय काय खोडलं गेलं ते कळवा. पुढच्या वेळी गोंधळकारी चलांवरच सविस्तर बोलू.